शिवारातला रानाचा वाटा

पूर या गावी कुकडेश्वराच्या प्राचीन शिवालयापाशी जिचा उगम मानतात ती कुकडी चावंडच्या किल्ल्याच्या पायथ्याने उतरते, शिवनेरी आणि लेण्याद्री या डोंगरांमधल्या सखल खोऱ्यातून जुन्नर शहराला स्पर्श करीत पूर्वेकडे वाहते, आणि ओझर या गावी विघ्नेश्वराच्या तटबंदीच्या देवळावरून पुढे घोडनदीच्या दिशेने निघून जाते. तिच्या दक्षिणेला मीना आणि घोड, उत्तरेला मांडवी आणि पुष्पावती, अशा या नद्यांच्या खोऱ्यांनी मिळून आजचे जुन्नर व आंबेगाव हे दोन तालुके बनले आहेत. पश्चिमेस घाटमाथ्यावर चार महिने धुक्यात आणि मुसळधार पावसात बुडालेली भाताची खाचरे, मध्यभागी काळ्या मातीची बागायत, आणि पूर्वेस बेल्हे-आण्याच्या पठारावर आभाळाकडे डोळे लावून बसलेली बाजरीची जिराईत, एवढा फरक एका दिवसाच्या बैलगाडीच्या प्रवासात अनुभवास यावा, असा हा मुलूख आहे. जेथे पाऊस, माती आणि उतार ही तिन्ही इतक्या थोड्या अंतरात बदलतात, तेथे एका गावाची शेती दुसऱ्या गावाच्या शेतीसारखी असणे संभवतच नाही. आणि शेतीचे असे वैविध्य असले म्हणजे वृक्ष, पाखरे, कीटक व श्वापदे यांनाही आपापल्या सोयीची जागा त्या शिवारात सापडते. शेती आणि जीवसृष्टीचे रक्षण यांची सांगड घातली पाहिजे असे आज देशोदेशी बोलले जात आहे. या दोन तालुक्यांचा पूर्वेतिहास पाहिला म्हणजे ही सांगड येथे फार जुनी होती असे आढळते; तेव्हा ती कशाच्या बळावर टिकली होती आणि कोणत्या कारणांनी सुटली, हाच अभ्यासकाच्या दृष्टीने खरा प्रश्न ठरतो.

या सांगडीचा पहिला लिखित पुरावा जुन्नरच्या डोंगरांतील लेण्यांच्या भिंतींवर आहे. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या काळात नाणेघाटाने कोकणात उतरणाऱ्या व्यापारामुळे जुन्नर भरभराटीस आले. मानमोडी, शिवनेरी, तुळजा व लेण्याद्री या डोंगरांत भिक्षूंसाठी विहार आणि चैत्यगृहे कोरली गेली. नहपान क्षत्रपाच्या अयम नावाच्या अमात्याने वर्ष ४६ मध्ये येथे मंडप आणि पाण्याचे टाके करविले. या सर्व दानलेखांत एक लेख असा आहे की ज्याकडे कलेच्या अभ्यासकांचे फारसे लक्ष जात नाही, परंतु शेतीच्या इतिहासाच्या दृष्टीने तो अनमोल होय. आडुथुम नावाच्या एका शक उपासकाने कोणाचिक श्रेणीकडे वडालिका या ठिकाणी २० निवर्तने जमीन करंजाची झाडे लावण्यासाठी, आणि कटपुटक येथे ९ निवर्तने जमीन वडाची झाडे लावण्यासाठी नेमून दिली, असा त्याचा आशय आहे. त्याच परिसरातील अन्य लेखांत करंजाच्या, जांभळीच्या, आंब्याच्या राईंतील शेतजमिनी दान दिल्याचे उल्लेख येतात, आणि त्या जमिनी मानमुकुड डोंगराच्या, म्हणजे आजच्या मानमोडीच्या, पायथ्याला असल्याचेही सांगितले जाते.

या लेखातील दोन गोष्टींचा विचार करावा असे मला वाटते. पहिली, दात्याने निवडलेली झाडे. वडाचे लाकूड इमारतीस निरुपयोगी आणि फळ माणसाच्या ताटात न येणारे. करंजाचे तेल दिव्याला व औषधाला चालते आणि पेंड जमिनीला खत म्हणून जाते, पण गुरे त्याच्या पाल्याला सहसा तोंड लावीत नाहीत. म्हणजे केवळ पैशाच्या उत्पन्नाकडे पाहून ही निवड झालेली दिसत नाही. सावली, ओल, पाखरांना आसरा आणि जमिनीचा कस ही फळे त्या दात्याच्या मनात असली पाहिजेत. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. त्याने हे काम राजाकडे सोपविले नाही आणि भिक्षुसंघाकडेही सोपविले नाही. एका श्रेणीकडे, म्हणजे स्थानिक उद्यमी लोकांच्या संघाकडे सोपविले आणि त्याच्या खर्चासाठी जमीन तोडून दिली. झाड लावण्याची व राखण्याची जबाबदारी आणि त्या जबाबदारीचा निर्वाह करणारे उत्पन्न ही दोन्ही एकाच हाती ठेवण्याची ही दृष्टी पुढल्या सुमारे अठराशे वर्षांच्या इतिहासाला लावून पाहिली, म्हणजे रान कोठे राहिले आणि कोठे गेले याचा उलगडा होऊ लागतो.

मध्ययुगात जुन्नर हे निजामशाहीचे आणि पुढे मोगलांचे मोठे ठाणे झाले. मलिक अंबराच्या अमदानीत काही काळ ते राजधानीही होते. जुन्नरच्या कागदी लोकांनी तयार केलेला जुन्नरी कागद पेशवाईच्या दफ्तरांत नावाजला गेला. या काळातील गावगाड्याचे वर्णन अनेकांनी केले आहे. परंतु बलुतेदार, पाटील-कुलकर्णी आणि जमाबंदी यांच्या तपशिलात शिवाराच्या रचनेकडे दुर्लक्ष होते. पांढरीभोवतीची काळी ही सलग नांगरटीची कधीच नव्हती. तिच्यात ओढे, नाले, माळ, गायरान, देवाची जागा, घोड्यांच्या पागांसाठी राखलेली कुरणे हे सगळे असे. जुन्नर आणि नारायणगाव यांच्या दरम्यान कुरण नावाचे गावच आजही आहे. बाजरीच्या पाभरीबरोबर तूर, मटकी, हुलगा असे. कडेने अंबाडी आणि कारळे. बांधावर बाभूळ, हिवर, निंब, बोर, चिंच. बाभळीचे लाकूड नांगराला, कुळवाला आणि गाडीच्या चाकाला, शेंगा शेळ्यांना, काटे कुंपणाला, आणि तिच्या फांद्यांवर सुगरणीचे खोपे. शेत पडीक टाकले की पूर्वेकडून येणाऱ्या धनगरांची मेंढरे तेथे बसवीत, आणि त्या लेंडीखताच्या मोबदल्यात धनगराला धान्य मिळे. माळावरचे गवत, त्या गवतातले ससे व तित्तर, मेंढरांमागून फिरणारा लांडगा, आणि पुढल्या वर्षी त्याच जमिनीत भरणारे बाजरीचे कणीस, हे सर्व एका हिशेबाच्या वेगवेगळ्या रकमा होत्या. त्यांतली एक रक्कम खोडली तर बाकीचा मेळ बसत नसे, आणि हे कुणब्याला कोणी शिकविण्याची आवश्यकता नव्हती.

राज्यकर्त्यांनाही याची जाणीव असल्याचा पुरावा रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात मिळतो. १७१६ च्या सुमारास लिहिलेल्या या राजनीतीच्या ग्रंथात आरमाराच्या प्रकरणी लाकूडतोडीचा विषय निघतो तेव्हा अमात्य स्पष्टपणे बजावतात की आंबा, फणस यांसारखी झाडे आरमाराच्या कामाची असली तरी त्यांना हात लावू देऊ नये, कारण ही झाडे वर्षादोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, आणि ती तोडली तर तिच्या दुःखाला पार उरत नाही. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन, मगच ते तोडावे. या आज्ञेत जंगलाची चिंता जितकी आहे, तितकीच मालकाच्या हक्काची कदर आहे. झाडाचे रक्षण करावयाचे तर ज्याने ते वाढविले त्याचा त्यावरील अधिकार प्रथम अबाधित राखला पाहिजे, हा विचार येथे शासनाच्या पातळीवर मान्य झालेला दिसतो.

पश्चिमेकडच्या डोंगरी पट्ट्यात चित्र निराळे होते. तेथे मुख्य वस्ती महादेव कोळी समाजाची. खालच्या अंगाला भाताची खाचरे आणि वर उतारावर वरकस जमीन, अशी त्यांची शेती. वरकस जमिनीत पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरई किंवा सावा, तिसऱ्या वर्षी खुरासणी, आणि मग ती जमीन काही वर्षे विश्रांतीला सोडून द्यावयाची. तेवढ्या काळात तिच्यावर गवत, झुडपे आणि रोपटी पुन्हा माजत. आश्विन-कार्तिकात उतारच्या उतार खुरासणीच्या पिवळ्या फुलांनी भरून जात आणि त्यांवर मधमाश्यांची झुंबड उडे. त्याच मधमाश्या पुढे माघ-फाल्गुनात जंगलातल्या झाडांच्या मोहोरावर जात. भाताचा तरवा टाकण्यापूर्वी ऐनाच्या वगैरे फांद्या, पालापाचोळा आणि शेण पसरून राब भाजावयाचा, ही पद्धत वरवर पाहता जंगलाची नासाडी वाटते. पण ज्या ऐनाच्या फांद्या दरवर्षी छाटावयाच्या त्या ऐनाचे खोड कोणी तोडीत नसे, कारण पुढच्या वर्षीचा राब त्याच झाडावर अवलंबून असे. पावसाळ्याच्या आरंभी, घरातले धान्य संपत आलेले असताना, कुरडू, भारंगी, कोळू, चाईचा मोहोर अशा रानभाज्यांवर घर चाले. रान हे त्या शेतकऱ्याचे दुसरे कोठार होते असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

या पट्ट्यातले सर्वांत मोलाचे झाड हिरडा. बाळहिरडा म्हणजे कोवळे, आठळी धरण्यापूर्वीचे फळ. ते उन्हाळ्याच्या तोंडाशी काढून, वाळवून, काळे झाले म्हणजे विकावयाचे. औषधात त्याला मागणी. आणि मोठ्या हिरड्याला कातडी कमावण्याच्या धंद्यात मागणी, इतकी की एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून त्याची मोठी निर्यात होत असे. जुन्नर-आंबेगावच्या कोळ्यांच्या मालकीच्या शेतांत, बांधांवर आणि वरकस उतारांवर हिरड्याची झाडे आहेत, भावाभावांच्या वाटणीत ती मोजली जातात, आणि कित्येक घरांत वर्षाचा रोख पैसा म्हणजे हिरड्याचाच पैसा असतो. या झाडाला कुऱ्हाड लागली नाही याचे कारण एखादा कायदा नव्हे. ज्याच्या शेतात ते उभे आहे त्याच्या चुलीशी त्याचा संबंध आहे, हे ते कारण होय.

आणि मग देवराया. घोडनदीच्या उगमाजवळ, घाटमाथ्याच्या कड्यालगत असलेल्या आहुपे गावची भैरवनाथाची देवराई ही आंबेगाव तालुक्यातील अशा रायांत विशेष प्रसिद्ध आहे. प्रचंड बुंधे, त्यांना विळखे घालून वर गेलेले गारंबीसारखे महाकाय वेल, आणि भर उन्हाळ्यातही पायाखाली ओलसर राहणारा पालापाचोळा असे त्या रायांचे रूप. तेथली फांदी तोडावयाची नाही, पडलेले लाकूडही घरी न्यावयाचे नाही. देवाच्या कामाला किंवा गावाच्या निकडीला काही हवे असेल तर देवाला कौल लावावयाचा आणि कौल मिळाला तरच हात लावावयाचा. पुष्कळ ठिकाणी झऱ्याचा किंवा ओढ्याचा उगम राईच्या पोटातच असतो, आणि त्या पाण्यावर खालची खाचरे भिजतात. देवाच्या भयाने ही राई राहिली असे सांगून विषय संपविणे मला पुरेसे वाटत नाही. भय तर सर्वत्र असते. परंतु त्या भयाला गावकीच्या बैठकीत रूप देणारा, कौल लावणारा, नियम मोडणाऱ्याला गावापुढे उभा करणारा समाज तेथे होता, आणि त्या राईच्या पाण्यावर त्याची स्वतःची भातशेती अवलंबून होती. १९७० नंतरच्या वर्षांत डॉ. वर्तक आणि माधव गाडगीळ या दोघा पुणेकर शास्त्रज्ञांनी सह्याद्रीतील देवरायांचा पद्धतशीर अभ्यास आरंभिला, १९७५-७६ मध्ये त्यावरील लेख प्रसिद्ध केले, आणि इतरत्र नष्टप्राय झालेल्या वनस्पती या छोट्या राईंत टिकून असल्याचे विद्वज्जगाच्या नजरेस आणले. आहुपे-भीमाशंकरच्या कोळ्यांना मात्र ती गोष्ट नवी नव्हती.

इंग्रजी अंमल आला तेव्हा या सर्व व्यवस्थेवर प्रथम कागदाची रेघ पडली. पुणे जिल्ह्यात प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची जमीन-पाहणी झाली, ती फसली. मग १८३५-३६ पासून इंदापूरहून आरंभ करून गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या पद्धतीने जमिनीची मोजणी, प्रतवारी आणि सारा ठरविण्याचे काम हळूहळू सर्वत्र पसरले. या पद्धतीवर टीका करण्यासारखे पुष्कळ असले, तरी एक गोष्ट तिच्या पदरी टाकली पाहिजे. सर्व्हे नंबराच्या आत जो भाग खडकाळ, नाल्याचा किंवा झाडोऱ्याचा म्हणून लागवडीस अयोग्य ठरे तो पोटखराबा म्हणून वेगळा दाखविला जाई, आणि त्यावर सारा लागत नसे. सरकारच्या दृष्टीने जो भाग निरुपयोगी, तोच ससे, मुंगूस, घोरपडी, लावे आणि होले यांचा आसरा होता. आकारणी नाही म्हणून नांगरण्याची घाई नाही, आणि घाई नाही म्हणून त्या तुकड्यातली करवंदीची जाळी पिढ्यान्‌पिढ्या तशीच. रक्षणाचा हेतू मुळीच नसताना रक्षण घडवून आणणारे असे दुसरे उदाहरण महसुली इतिहासात मला आठवत नाही.

याच काळात जुन्नरच्या मुलुखाशी ज्याचे नाव जोडले गेले तो अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉटिश वैद्य. तो १८३८ पासून दापोडीच्या सरकारी वनस्पती-उद्यानाचा अधीक्षक होता. जुन्नर तालुक्यातील हिवरे येथे औषधी वनस्पतींची सरकारी बाग त्याच्या देखरेखीखाली होती, आणि सोनामुखीसारखी औषधे तेथून मुंबईच्या वैद्यकीय भांडारास जात. १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. डोंगर उघडे पडले म्हणजे झरे आटतात, आणि झरे आटले म्हणजे खालची शेती बुडते, हे त्याने त्या काळी सरकारला लिहून कळविले होते. शेती आणि रान यांचा संबंध पाण्याच्या द्वारे ओळखणारा हा अधिकारी होता, याबद्दल त्याला मान दिला पाहिजे. परंतु त्याच्या मागून आलेल्या खात्याने त्या विचारातले जंगल तेवढे घेतले आणि शेतकऱ्याला बाहेर ठेवले.

१८६५ चा आणि विशेषतः १८७८ चा जंगल कायदा आल्यावर डोंगर राखीव झाले, गायराने आणि माळ फॉरेस्टच्या नकाशात गेले, आणि राबासाठी फांदी छाटणारा कोळी व सरपणासाठी मोळी आणणारी कुणबीण हे दोघेही एकाएकी गुन्हेगार ठरू लागले. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जंगलखात्याने डोंगर, दऱ्या आणि गायराने घशात घातल्यामुळे गरीब शेतकऱ्याच्या शेळीलाही चरायला जागा उरली नाही, हे गाऱ्हाणे अत्यंत जळजळीत शब्दांत मांडले आहे. आणि ओतूर-जुन्नरच्या पट्ट्यात सत्यशोधक विचार रुजला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या गाऱ्हाण्यामागे याच डोंगरांची ओळख असावी असे मानण्यास हरकत नाही. तक्रारी इतक्या झाल्या की सरकारला मुंबई इलाख्यासाठी जंगल-चौकशी कमिशन नेमावे लागले, त्याचा अहवाल १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्या चौकशीत राबाचा प्रश्न मोठ्या वादाचा ठरला. या सर्व घडामोडीचे फलित असे झाले की जंगलाची जबाबदारी खात्याकडे गेली, त्याचा लाभ तिजोरीकडे गेला, आणि ज्याच्या शेताला ते रान लागून होते त्याच्या वाट्याला पहारेकऱ्याची भीती तेवढी उरली. आडुथुमाच्या दानलेखातील तत्त्वाच्या हे सर्वस्वी विपरीत होते. जे रान आपले राहिले नाही ते रात्री तोडून न्यावयाचे, अशी वृत्ती यातून निर्माण झाली, आणि तिचे खापर पुढे शंभर वर्षे आदिवासींच्या माथी फुटत राहिले.

स्वातंत्र्यानंतरचा मोठा बदल पाण्याने घडविला. कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणे बांधली गेली. डिंभ्याच्या जलाशयात मूळचे आंबेगाव बुडाले. ज्या गावाच्या नावाने तालुका ओळखला जातो ते गाव पाण्याखाली, आणि कचेरी घोडेगावी, अशी स्थिती आहे. घाटमाथ्याच्या कोळ्यांची खाचरे गेली, आणि पाणी पूर्वेकडे शिरूर, पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, करमाळ्यापर्यंत गेले. ओझरच्या देवळामागे येडगावचा जलाशय पसरला. मोट गेली, एंजिन आले, मग विजेचा पंप आला. मोटस्थळाची लहान बागायत होती तेथे ऊस, द्राक्षे, कांदा आणि टोमॅटो यांचे मळे झाले. ओझरच्या देवाचे नाव धारण करणारा विघ्नहर सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ज्या प्रदेशाने शतकानुशतके दुष्काळ पाहिले त्याच्या घरात पैसा आला, मुले शिकली, पक्की घरे झाली. या उत्कर्षाबद्दल कोणालाही वाईट वाटण्याचे कारण नाही, आणि मलाही ते वाटत नाही. परंतु बांध अरुंद झाले, पोटखराबा ट्रॅक्टरने आणि पुढे मोठ्या यंत्रांनी सपाट झाला, बाभळी गेल्या कारण नांगर आणि गाडी लोखंडाची झाली, आणि तूर-मटकी-हुलग्याची मिश्र पेरणी मागे पडून सलग एका पिकाचे शिवार झाले. ज्या गोष्टीचा शेतकऱ्याला उपयोग उरला नाही ती त्याने ठेवली नाही, एवढाच याचा अर्थ.

मात्र निसर्गाने आपला वाटा अन्य मार्गाने मागून घेतला. उसाचा फड वर्षभर उभा असतो, दाट असतो, त्यात सावली असते, जवळ पाण्याचा पाट असतो, आणि वस्तीभोवती कुत्री, शेळ्या, डुकरे असतात; बिबट्याला याहून अधिक काय हवे? डोंगर उजाड होत असताना खोऱ्यात ऊस वाढला, आणि बिबट्या खोऱ्यात स्थायिक झाला. मादी फडातच विते. ऊसतोडणीच्या वेळी कोयत्यासमोर बछडी सापडतात. १९९३ ते २००१ या काळात जुन्नरच्या वनविभागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. २००१ मध्ये खोऱ्यातले बिबटे पकडून लगतच्या जंगलांत नेऊन सोडण्याचा उपक्रम सुरू झाला. २९ बिबटे सरासरी सुमारे ४० किलोमीटर अंतरावर नेले गेले, आणि त्यानंतर हल्ल्यांचे प्रमाण वर्षाला १७ वर जाऊन पोहोचले, प्राणघातक हल्ल्यांचा हिस्सा दुप्पट झाला. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. शेजारच्या अकोले तालुक्यात त्यांनीच पुढे केलेल्या पाहणीत उसाच्या पट्ट्यात १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले, आणि त्यांच्या आहारात वजनाच्या मानाने सुमारे ३९ टक्के हिस्सा कुत्र्यांचा निघाला. जंगलातला प्राणी जंगलात सोडावा ही कल्पना ऐकावयास न्याय्य वाटते; पण ज्या नकाशात शेत हे माणसाचे आणि जंगल हे प्राण्याचे अशी रेघ ओढलेली आहे तो नकाशाच येथे खोटा आहे. १८७८ च्या कागदावर ओढलेली रेघ बिबट्याने कधी मानली नव्हती. आपण मात्र ती मानली, आणि ज्यांची लेकरे अंगणातून उचलली गेली त्या घरांनी तिची किंमत मोजली. त्या घरांचे दुःख लहान करून कोणत्याही जीवरक्षणाची भाषा बोलता येणार नाही. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र झाले, फडात सापडलेली बछडी पुन्हा मातेजवळ पोहोचविण्याची रीत वनखात्याने अंगीकारली, वस्त्यांवर बंदिस्त गोठ्यांचा आग्रह धरला गेला. हे सर्व आवश्यक आहे. तथापि गावाला या प्रश्नात पिंजरा मागणारा अर्जदार एवढीच भूमिका उरली आहे, ही उणीव त्याने भरून निघत नाही.

पश्चिमेस १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य जाहीर झाले. सुमारे १३० चौरस किलोमीटरचे, पुणे, ठाणे व रायगड या तिन्ही जिल्ह्यांना स्पर्श करणारे, आणि राज्यप्राणी शेकरूसाठी विशेष ओळखले जाणारे. शेकरू फांदीवरून फांदीवर जाणारा प्राणी आहे, त्याला वरचे छत सलग लागते. आणि ते छत जेथे सलग राहिले तेथे देवराया आणि हिरड्याची जुनी झाडे होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. अभयारण्याचे रक्षण पुन्हा खात्याकडेच गेले, आणि राईच्या जपणुकीत ज्यांच्या पिढ्या गेल्या त्यांना स्वतःच्या रानात पाहुण्याप्रमाणे वागण्याची वेळ आली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या डोंगरांवरून गेले आणि हिरड्याची कित्येक झाडे उन्मळून पडली, तेव्हा भरपाईच्या प्रश्नाने एक जुनी गोष्ट उघडकीस आणली. आंब्याचे झाड पडले तर ते बागायत समजले जाते. हिरडा मात्र पिकात नाही आणि फळबागेतही नाही, म्हणून त्याचे नुकसान सरकारी तक्त्यात कोठे बसवावे हेच कळेना, आणि त्यासाठी आदिवासी शेतकऱ्यांना दीर्घ काळ मागणी करावी लागली. ज्या झाडाने रानाला आणि शेतकऱ्याला इतकी वर्षे एकत्र धरून ठेवले त्याला आपल्या दफ्तरात रकानाच नाही.

हा रकाना तयार करण्याची साधने आज उपलब्ध आहेत. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत व्यवस्थापन समिती आणि लोकांनी लिहावयाची जैवविविधता नोंदवही सांगितली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्काचा आणि त्या वनाच्या व्यवस्थापनाचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. पुष्कळ ठिकाणी ही नोंदवही कोणी बाहेरचा माणूस चार दिवसांत भरून जातो, आणि तिच्यात गावातल्या बांधावरच्या चिंचेपेक्षा पुस्तकातली लॅटिन नावे अधिक असतात. तसे होता कामा नये. तिच्यात आपल्या देवराईची हद्द, कौलाचे नियम, हिरड्याची झाडे कोणाच्या किती, पोटखराब्याचा कोणता तुकडा अजून शिल्लक आहे, बिबट्याची मादी कोणत्या ओढ्याकडेने फडात शिरते, कोणती वरई आणि कोणता हुलगा कोणाच्या घरी अजून बियाण्याला आहे, हे सर्व असले पाहिजे. शेजारच्या अकोल्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरातल्या गाडग्यामडक्यांत गावठी बियाणे जतन करून जे काम उभे केले, आणि ज्याबद्दल त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, त्यावरून हे ज्ञान कोणाजवळ आहे ते स्पष्ट होते. बांधावर झाड ठेवणाऱ्या, पोटखराबा न नांगरणाऱ्या, मिश्र पेरणी करणाऱ्या शेतकऱ्याला त्या रक्षणाचा मोबदला मिळाला पाहिजे, कारण वडालिकेची २० निवर्तने करंजासाठी जशी दिली गेली, तशी तरतूद केल्यावाचून कोणतेही रान केवळ उपदेशावर उभे राहिलेले या खोऱ्यांच्या इतिहासात आढळत नाही.

चिमाजी अप्पांनी वसईच्या विजयानंतर ओझरच्या देवळाला सोन्याचा कळस चढविला अशी परंपरा आहे. आज तेथे वर्षभर भाविकांची रीघ लागते, आणि त्यांच्या येण्याजाण्याने परिसराला उत्पन्नही मिळते. त्या उत्पन्नातला काही अंश कुकडीच्या काठच्या वड, उंबर, करंज, जांभूळ या झाडांसाठी आणि वरच्या अंगाच्या देवरायांसाठी नेमून दिला, आणि तो त्या त्या गावच्या ग्रामसभेच्या हाती सोपविला, तर ती या मुलुखाच्या फार जुन्या रीतीला धरून होणारी गोष्ट ठरेल. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांतील प्रत्येक ग्रामसभेने आपली नोंदवही स्वतः बसून पुरी करावी, आणि तालुक्याच्या कचेरीने ती सातबाराच्या उताऱ्याइतकीच ग्राह्य धरावी, अशी या दोन्ही ठिकाणच्या जबाबदार मंडळींना विनंती आहे.